हलक्या लेन्सने काढलेला माळढोक

हलक्या वस्तूंचा मला तेव्हापासून राग आहे. दुकानदार कौतुकाने "घ्या बाई, वजनाला अगदी हलकी आहे" म्हणाला की माझं डोकं फिरतं आणि मी ती वस्तू घेत नाही. घरातले यावर हसतात. हसू देत. त्यांनी ती लेन्स कधी हातात धरलेली नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. भिंगारच्या घरात आम्ही दोघंच राहत होतो, मी आणि माझे वडील, अण्णा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरली बहीण लग्न होऊन मुंबईला गेलेली. मी नगरच्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. कर्जत, श्रीगोंदा, जामखेड या बाजूचे रस्ते मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्या उघड्या माळांवर हिंडता हिंडता त्यांना पाखरांचा नाद लागला, आणि सगळ्या पाखरांत त्यांचं लाडकं पाखरू एकच, माळढोक.

माळढोक म्हणजे कमरेइतका उंच पक्षी. एरवी आपला एखाद्या पेन्शनरासारखा मान वर करून गवतातून शांतपणे फिरत असतो. पावसाळ्यात मात्र नर नाचतो. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून पार जमिनीपर्यंत सोडतो, शेपूट पाठीवर उभी करतो आणि पोटातून घुमतो. अण्णा हे सगळं आम्हाला जेवताना करून दाखवायचे. गाल फुगवून, मान मागे टाकून. आई म्हणायची, "अहो, घास गिळा आधी."

त्या अण्णांना काचबिंदू झाला. कडेकडेने दिसेनासं होत गेलं आणि शेवटी नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं राहिलं. तेवढं मात्र स्वच्छ दिसत होतं. वर्तमानपत्र नाकाशी धरून ते अक्षर न् अक्षर वाचत. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं फार तर संक्रांतीपर्यंत टिकेल. मी अण्णांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. एकदा चहा पिताना ते सहज म्हणाले, "एकदा जवळून नाचताना बघायचा होता, म्हणजे पाठ झाला असता." बस, एवढंच. पुढे लगेच साखर कमी आहे म्हणून कुरकुरले.

त्यांना माळावर नेणं शक्यच नव्हतं. पायाखालचा दगड त्यांना दिसत नव्हता, मग लांब गवतातलं पाखरू काय दिसणार? पण हातात धरलेला फोटो त्यांना दिसला असता. चांगला मोठा, स्वच्छ फोटो, ज्यात पिशवी दिसते, शेपूट दिसते, मानेवरची पिसं दिसतात. मी ठरवलं, हा फोटो आपण काढायचा, आणि अण्णांचे डोळे आहेत तोवर काढायचा.

मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मुंबईत हौसेने फोटो काढत. श्रावणात बहीण माहेरपणाला आली तेव्हा ते तिला पोचवायला आले. मी त्यांना आधीच पत्र टाकून त्यांची मोठी, लांबची लेन्स मागितली होती. ती मी पूर्वी पाहिली होती. उखळातल्या मुसळाएवढी जाड आणि वजनदार, पण तिने काढलेल्या फ्लेमिंगोंचे डोळेसुद्धा स्पष्ट दिसत. दाजींनी पिशवीतून काढली ती भलतीच. आखूड, गोल, मुरमुऱ्याच्या डब्यासारखी.

"दाजी, मी मोठी मागितली होती."

"अगं, ती तुला झेपायची नाही. ही आरशाची लेन्स आहे, नवीन निघालीय. पोच तेवढीच, वजन मात्र निम्म्याहून कमी. बघ, एका हातात मावते."

"मी रोज खालच्या नळावरून भरलेल्या दोन बादल्या वर आणते."

"बादली वेगळी गं," दाजी हसून म्हणाले. "ही बाईमाणसाला सोयीची."

बहीणही हसली. अण्णांनी लेन्स चाचपून पाहिली आणि तेही म्हणाले, "खरंच की, किती हलकी आहे!" शेजारचे काका आले, त्यांनीही उचलून पाहिली, तेही तेच म्हणाले. हे शेजारचे काका लष्कराच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झालेले, अण्णांचे रोजचे चहाचे सोबती, अतिशय भला माणूस. त्या आठवड्यात आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाने ती लेन्स तळहातावर तोलून पाहिली. तिच्यातून फोटो कसा येतो हे एकानेही विचारलं नाही.

फोटो कसा येतो ते मला पहिल्या रोलला कळलं. भिंगारच्या नाल्यावर मी बगळ्यांचे फोटो काढले. धुऊन आले तेव्हा एकेका बगळ्याला दोन दोन चोची. स्टुडिओवाले म्हणाले, "बाई, हात हललाय." हात हलला! हात कुणाचा हलत नाही? जड लेन्स आपल्याच वजनाने हाताला गप्प करते. ही बया मी श्वास घेतला तरी हलत होती, आणि हजार हातांवरचं पाखरू काचेत जवळ येतं तसं हे हलणंही मोठं होऊन येतं. त्यात तिचं आतलं छिद्र कायम तेवढंच, लहान-मोठं करायची सोय नाही. पावसाळी उजेडात कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागे आणि तेवढ्या वेळात सगळा सत्यानाश होई. मी दाजींना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, सराव कर.

सराव नाही केला, डोकं चालवलं. गादीच्या जुन्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली. एक खाली ठेवली, एक लेन्सच्या डोक्यावर. मग कुठे ती जागची हलेनाशी झाली. समोरच्या भिंतीवर बसलेल्या कावळ्याचा फोटो असा आला, की त्याच्या चोचीजवळचे केस मोजून घ्यावेत. अण्णांनी तो नाकाशी धरून पाहिला आणि म्हणाले, "हा कावळा मला ओळखतो." मी त्या दिवशी इतकी खूश होते, की शाळेत कुणालाही शिक्षा केली नाही.

दाजींनी दिलेल्या फिल्मपैकी आता एकच रोल उरला होता. नगरच्या दुकानांत तेव्हा फिल्म मिळाली तर मिळाली. मी तो रोल माळढोकासाठी बाजूला ठेवला आणि पोळा उलटल्यावर कर्जतकडची एसटी धरली.

तिकडे अण्णांच्या ओळखीचं एक शेतकरी कुटुंब होतं. रस्त्याच्या कामाच्या वेळी अण्णा त्यांच्याकडे मुक्कामाला असत. घरच्या कर्त्याला मी लहानपणापासून मामा म्हणायचे, त्यांच्या बायकोला मामी. त्यांचं शेत माळाला लागूनच. त्या वर्षी पाऊस नावापुरता झाला होता, बाजरी गुडघ्यालाही आली नव्हती, पण मामांचा आवाज तसाच खणखणीत.

"तुमचा माळढोक हाय की. रोज सकाळच्याला त्या उंचवट्यावर येतो. लई मोठा हाय."

माणूस चालत गेला की माळढोक लांबूनच सटकतो. बैलगाडीला मात्र तो भीत नाही, गाडी त्याच्या रोजच्या बघण्यातली असते. ही युक्ती अण्णांचीच. तेव्हा बेत असा ठरला: उजाडता उजाडता गाडी उंचवट्याजवळ न्यायची, मामांनी बैल सोडून चरायला न्यावेत तसे लांब न्यायचे आणि मी घोंगडीखाली गाडीतच पडून राहायचं. संध्याकाळी मी स्वतः ओढ्यावर गेले, दोन्ही पिशव्या कोरड्या वाळूने भरल्या आणि गाडीत नेऊन ठेवल्या.

"ही वाळू कशाला, ताई?" मामांनी विचारलं.

"फोटोला लागते, मामा. आणि उद्या लवकर निघू. गाडी फोटोसाठी तयार ठेवा."

हे शेवटचं वाक्य मी का बोलले, देव जाणे.

पहाटे जाग आली ती घुंगरांच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहते तर अंगणात जणू पुन्हा पोळा. बैल धुऊन लख्ख केलेले, शिंगं हिंगुळाने रंगवलेली, शिंगांना गोंडे, पाठीवर झुली, गळ्यात घुंगुरमाळा. मामा धुतलेलं धोतर नेसून आणि फेटा बांधून बैलांच्या मध्ये उभे. मामींच्या नाकात नथ. दोन्ही सुना लग्नातल्या लुगड्यांत, पदर डोक्यावर, आणि सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

"मामा, हे काय?"

"फोटू निगनार म्हनल्यावर बैल तसंच उबं करायचं व्हय? लोक काय म्हनतील?"

"अहो, फोटो पाखराचा काढायचाय!"

"पाखराचा बी काडा की. आदी बैलांचा काडा."

मामी पुढे आल्या. "मी रातच्यालाच ह्यान्ला म्हनलं, साहेबांची लेक नगरास्नं आल्या फोटू काडाया, गाडी चांगली धुऊन घ्या. आमचा काय जल्मात फोटू निगाला न्हाई."

त्या गावात फोटो म्हणजे लग्नातला, नाहीतर तालुक्याला जाऊन पडद्यासमोर काढलेला. कॅमेरा आपण होऊन दारात आलाय आणि तो एका पाखरासाठी आलाय, हे कुणाच्या डोक्यात कसं यावं? मी आतल्या आत धुसफुसत साधी लेन्स लावली, एक फोटो बैलांचा काढला, एक सगळ्यांचा. मग मामांना कुंकवाचं बोट राहिल्याचं आठवलं म्हणून बैलांचा आणखी एक. पूर्वेला चांगलंच उजाडलं होतं. वारा सुटायच्या आधी पोचायचं होतं, आणि मी इथे मामांचा फेटा सरळ करत होते.

शेवटी हात जोडून मी घुंगुरमाळा तेवढ्या काढायला लावल्या. मामांनी त्या गाडीत माझ्या पायाशी ठेवल्या. गाडीत कोऱ्या गोधड्या अंथरलेल्या होत्या, जावई न्यायला निघाल्यासारख्या. वाळूच्या पिशव्या गोधड्यांखाली असतील असं मी धरून चालले. घाईत हात घालून पाहिलं नाही.

उंचवट्याजवळ पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. मामांनी जू टेकवलं, बैल सोडले आणि ते रंगवलेल्या शिंगांचे बैल घेऊन गाणं गुणगुणत लांब निघून गेले. मी घोंगडी डोक्यावर ओढली, हलकी लेन्स लावली आणि पिशवीसाठी गोधडीखाली हात घातला.

मऊ. पुढे घातला, आणखी मऊ. दुसऱ्या बाजूला घातला, तिथेही गोधडीच. सगळी गाडी चाचपली. वाळूचा कण नव्हता.

मामांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण उंचवट्यावर तो आला होता.

अण्णा जेवताना करून दाखवायचे ते काहीच नव्हे. तो आला, थांबला, गाडीकडे एकदा पाहिलं आणि गाडीच आहे म्हणून सोडून दिलं. मग गळा फुगायला लागला. हळूहळू, पांढरी पिशवी भरत भरत खाली आली आणि पायांपुढे लोंबायला लागली. शेपूट उभी राहिली, पंख सैल सुटले, आणि ते घुमणं मला कानाला नाही, आधी छातीला कळलं. इतका जवळ अण्णांनाही तो कधी मिळाला नव्हता.

आणि माझ्या काचेत तो पाण्यातल्या सावलीसारखा थरथरत होता. मी लेन्स गोधडीवर टेकवली, गोधडी दबली आणि लेन्स डुलायला लागली. गाडीच्या कडेच्या दांड्यावर टेकवली, वाऱ्याने अख्खी गाडी हलत होती. पाण्याचा तांब्या वर ठेवून पाहिला, तो घसरून माझ्या कोपरावर सांडला. श्वास धरला तर काळीज धडधडून लेन्स हलवायला लागलं. कुणाकुणाला आवरू? वाळू नाही, दगड नाही, गाडीत जड म्हणून एकच वस्तू होती, पायाशी पडलेल्या घुंगुरमाळा. चामड्याचा जाड पट्टा, पितळेची घुंगरं, अगदी हवं तेवढं वजन. मी इंचाइंचाने हात नेला आणि एक माळ उचलली. एक घुंगरू वाजलं, एकच. त्याची मान ताडकन वर झाली, पिशवी निम्मी आत गेली. मी हात तसाच अधांतरी धरून ठेवला, खांदा भरून आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो पुन्हा फुगायला लागल्यावर माळ जशी उचलली तशीच खाली ठेवली.

मग मी फोटो काढत सुटले. दुसरं काय करणार? एखादा तरी स्थिर येईल या आशेने रोल संपेपर्यंत काढले. रोल संपल्यावरही तो बराच वेळ नाचत होता. मी रिकाम्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघत होते आणि रडत होते, आणि मला इतका राग आला होता की दाजी समोर असते तर तो डबा मी त्यांच्या डोक्यात घातला असता.

मामांच्या घरी परतल्यावर वाळूचा उलगडा झाला. मामी म्हणाल्या, "वाळूत बसवायचं व्हय पाव्हन्या मान्साला? मी वतून दिली आन गोधड्या घातल्या. नव्या हाईत." त्यांच्या तोंडावर इतका मायेचा भाव होता, की माझ्या तोंडून एवढंच निघालं, "छान आहेत, मामी." दुसऱ्या दिवशी रिकाम्या कॅमेऱ्यानेच पुन्हा जाऊन यावं असं वाटत होतं, पण शाळा होती.

फोटो धुऊन आले. बैलांचे उत्तम. शिंगांवरच्या रंगाच्या रेघा, मामींच्या नथीतले मोती, सगळं लख्ख. ते मी त्याच दिवशी पोस्टाने मामांना पाठवून दिले, मला ते डोळ्यांसमोर नको होते. माळढोकाचे सगळे वाया. त्यातल्या त्यात बरा निवडून मी मोठा करून घेतला. त्यात एक उंचवटा होता आणि त्यावर एक पांढुरका डाग, ज्याला मान आहे असं म्हणावं तर म्हणता येत होतं. स्टुडिओवाल्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "हात हललाय. माहितेय मला."

तो फोटो अण्णांना दाखवायचा नाही असं ठरवून मी घरी आले. पण ते दारातच खुर्ची टाकून बसले होते, नवीन पायजमा घालून. चष्मा पुसून तयार. मी पाकीट मागे लपवायच्या आत हात पुढे आला.

त्यांनी फोटो नाकाशी धरला. मग लांब धरला. उठून, भिंतीला हात लावत उजेडात गेले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. फोटो तिरका केला. मग ते खाली बसले.

"मधलंही गेलं गं," अण्णा म्हणाले. "सकाळी पेपर वाचला तेव्हा बरं होतं."

"अण्णा, नाही! फोटो खराब आलाय. लेन्स हलली. वाळू नव्हती, मामींनी ओतून दिली. सगळा रोल तसाच आलाय, तुमचे डोळे चांगले आहेत."

"बरं बरं."

"बरं बरं काय? खरं सांगतेय मी. कॅलेंडर वाचून बघा समोरचं."

"ते पाठ आहे मला," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मी त्यांची समजूत काढतेय असं त्यांना वाटत होतं. मी आयुष्यात त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, आणि नेमकं खरं बोलताना त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझा आवाज चढला, डोळे भरले, आणि नेमके त्याच वेळी शेजारचे काका चहाला म्हणून पायरी चढून आले.

अण्णांनी फोटो त्यांच्या हातात दिला. "बघा हो, मुलीने काढलाय. तुम्हीच सांगा कसा आलाय."

काकांनी फोटोकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही नाही म्हणून, खरं सांगा म्हणून. त्यांना वाटलं, पोरीची लाज राखायला हवी.

"वा!" काका म्हणाले. "काय सुरेख! पीस न् पीस दिसतंय."

अण्णांनी चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला आणि डबी माझ्या हातात दिली. काका गेल्यावर मी वर्तमानपत्र आणून पुढे धरलं, तर त्यांनी डोळे मिटून मान फिरवली. दुसऱ्या दिवशी धरलं, तेव्हाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या संक्रांतीला अजून बरेच महिने होते.